सुभेदाराच्या पेजेतलं मीठ

आमच्या घरी एक रशियन सरदार बराच काळ मुक्कामाला होता. त्याला जेवायला लागत नव्हतं, अंघोळीला पाणी लागत नव्हतं, आणि तो मरून इतकी वर्षं झाली होती की त्याच्या खापरपणतवंडांनाही तो नीट आठवत नसेल. तरी तो होता. घरात माझ्या नवऱ्याचा विषय जितका निघायचा, त्याच्या दसपट ह्याचा निघायचा. नवऱ्याने एकदा तक्रारही केली, "मी अंबरनाथहून बारा तास ड्यूटी करून येतो, मला कुणी विचारत नाही. तो दगडाचा माणूस काय करतोय ते आधी."

"दगडाचा नाही, धातूचा आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

हा पाहुणा आमच्याकडे आला तो मुलीमुळे. तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथे थोडक्यात हुकलं, आणि ती रशियाला शिकायला गेली. आता आमच्या भागातून अशी पोरं बरीच जातात. जाताना तिच्याबरोबर कुकर, मसाले, दोन जाड रजया आणि माझा जीव असं सगळं गेलं.

पोचल्यावर पहिल्या व्हिडिओ कॉलला तिने मला होस्टेलची खिडकी दाखवली. बाहेर एक चौक, चौकात बर्फ, आणि मधोमध उंच ओट्यावर एक पुतळा. घोळदार कोट, मिशा, कमरेला तलवार, एका हातात गुंडाळलेला कागद. डोक्यावर कबुतर.

"कोण गं हा?" मी विचारलं.

"असेल कोणीतरी."

हे 'असेल कोणीतरी' मला अजिबात आवडलं नाही. माझ्या पोरीच्या खिडकीबाहेर एक पुरुष रात्रंदिवस तलवार घेऊन उभा आहे, आणि तो कोण, कुठला, काय करतो, ह्याची चौकशी करायची नाही? इथे आम्ही समोरच्या इमारतीत नवा भाडेकरू आला तर त्याचं मूळ गावही संध्याकाळपर्यंत काढतो.

पण खरी अडचण पुतळा नव्हती. खरी अडचण काही महिन्यांनी कळली. मुलीचा आवाज एक दिवस अगदी बारीक आला. कॉलेजात पहिली वर्षं इंग्रजीत शिकवतात, पण पुढे वॉर्डात जायचं तर पेशंट रशियन बोलणार. म्हणून वॉर्डात सोडण्याआधी तोंडी परीक्षा घेतात. तीन बाया समोर बसतात आणि म्हणतात, बोला. जो बोलतो तो वॉर्डात जातो, जो नाही बोलत त्याला घरी पाठवतात.

"आई, मला वाचता येतं, लिहिता येतं. पण तोंडच उघडत नाही. मी नापास होणार."

मला दिसत होतं काय चाललं होतं ते. एका खोलीत चार मराठी मुली. सकाळी पोहे, रात्री खिचडी, दिवसभर मराठी. बर्फात जाऊन पोरीने जणू दुसरं बदलापूर थाटलं होतं. आणि स्वभावाने लाजाळू, बापावर गेलेली. तिचा बाप रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणायलाही संकोचतो, मग आम्ही घराच्या पुढे चार इमारती उतरतो.

मी काय करणार? मला रशियन येत नाही. माझी हिंदीसुद्धा उल्हासनगरच्या बाजारापुरती. मला आयुष्यात एकच गोष्ट चांगली येते: गोष्ट ऐकायची आणि ती वाढवून सांगायची. तेव्हा तेच हत्यार उपसलं.

"पुतळ्याखाली काही लिहिलंय का?" मी विचारलं.

"लिहिलंय. फोटो पाठवते."

"फोटो घेऊन मी काय करू? मला काय वाचता येतंय? तू वाच, मला सांग. दुकानात बायका विचारतात."

दुकानात बायका विचारत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवसापासून विचारतील ह्याची मी व्यवस्था केली.

बदलापुरात, हेंद्रेपाड्यात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. साडीला फॉल लागेपर्यंत बाई कुठे जाणार? बाकावर बसते. म्हणजे मला श्रोते आयते मिळतात, आणि साडी माझ्या ताब्यात असल्यामुळे उठून जाता येत नाही. दाराशी सासूबाई उसवायची कामं घेऊन बसतात. त्या तळकोकणातल्या. लग्न होऊन इथे जवळच चामटोलीला आल्या, चामटोलीच्या शेतात सगळं आयुष्य भात लावला, पण बोली माहेरचीच ठेवली. आणि बाकावरची माझी कायमची गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई. त्यांना फॉल लावायचा असो नसो, ड्यूटी संपली की त्या बाकावर येऊन चपला काढतात.

पाटीवरून मुलीने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं: हा माणूस बादशहाच्या फौजेत मोठा सेनापती होता, नंतर ह्या प्रांताचा गव्हर्नर झाला, आणि हा पुतळा कृतज्ञ नागरिकांनी उभारला. नाव इतकं लांबलचक होतं की आम्ही ते दोनदा म्हणून सोडून दिलं. सासूबाईंनी त्याला 'सुभेदार' म्हटलं आणि तेच चिकटलं.

"कृतज्ञ कशाबद्दल?" नर्सबाईंनी मशीनच्या आवाजावरून विचारलं.

मी संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकला. "कृतज्ञ कशाबद्दल, विचारतायत."

"ते नाही लिहिलेलं."

"मग कुणाला तरी विचार."

"कुणाला विचारू आई?"

"तिथे जन्मलेलं एखादं माणूस असेल की नाही?"

होतं. त्या देशात कोट घालून वर्गात जात नाहीत. कॉलेजच्या दाराशी एक आजी बसलेल्या असतात. त्या सगळ्यांचे कोट घेऊन खुंट्यांना लावतात आणि नंबराचा बिल्ला देतात. मुलगी त्यांना रोज कोट द्यायची, रोज बिल्ला घ्यायची, आणि 'धन्यवाद' ह्याच्यापुढे कधी गेली नव्हती. आजी रागीट. विणत बसायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या.

दोन दिवस मुलीने टाळलं. मी रोज संध्याकाळी सगळ्या बाकासमोर फोन लावून विचारत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "विचारलं. चूक विचारलं. क्रियापद चुकलं. त्या हसल्या. पण बोलल्या."

मी मशीन बंद केलं. "काय बोलल्या?"

"त्याचा एक कान अर्धा आहे. तुर्कांच्या लढाईत तलवारीने गेला. म्हणून पुतळ्याचं तोंड डावीकडे वळवलंय, म्हणजे ती बाजू दिसत नाही."

बाकावरच्या एका बाईने साडी बाजूला ठेवून विचारलं, "कुठला कान?"

बस. सुभेदार त्या दिवशी हेंद्रेपाड्यात राहायला आला.

पुढे रोज थोडा थोडा येत राहिला. छोट्या जमीनदाराच्या घरातला, भाऊ जास्त आणि जमीन कमी, म्हणून पोरवयात फौजेत टाकला. लढायांमागून लढाया करून सेनापती झाला. मग राजधानीत एका कवायतीच्या वेळी बादशहाच्या कुणा नातलगाला तोंडावर म्हणाला की शिपायांचे बूट छान चमकतात, पण आतले पाय उपाशी आहेत. झालं. त्याला बढती देऊन जंगल आणि गवताळ माळ ह्यांच्या मधल्या ह्या दूरच्या प्रांतात गव्हर्नर म्हणून पाठवला.

"पनिशमेंट पोस्टिंग," नर्सबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पण असंच करतात. अभिनंदनाचा हार घालतात आणि बसमध्ये बसवतात."

मुलगी सांगायची त्याच्या दुप्पट मी सांगायचे. तिने सांगितलं की त्याची बायको राजधानीतच राहिली, थंडीत यायला तयार झाली नाही. मी त्या बायकोला आवाज दिला, नाकात बोलायला लावलं, तिला गुडघेदुखी दिली. सुभेदाराला मी एक दाढ दिली, जी लढाई जवळ आली की ठणकायची. फोन चालूच असायचा, त्यामुळे मुलगी तिकडून ओरडायची, "आई, दाढ कुठून आली? दाढेचं कुणी बोललंच नाहीये."

"मग विचार ना आजींना, दाढ होती का."

आणि ती विचारायची. हाच माझा डाव होता. मी खोटी दाढ घालायचे आणि ती काढायला तिला चार रशियन वाक्यं बोलावी लागायची.

उल्हासनगरला लेस-दोरे घ्यायला जाते तिथला सिंधी दुकानदारही ह्यात सापडला. मी सोनेरी झालरीचा उरलेला तुकडा मागितला तेव्हा त्याने विचारलं, कशाला. मी सांगितलं, खांद्यावर लावायला, सेनापतीच्या. मग सगळी कथा सांगणं आलंच. त्याने गिऱ्हाइकं थांबवून ऐकली.

"अदी," तो मला बहीण मानून सिंधीत अदीच म्हणतो, "इसको बोला होगा ना, दो-चार साल का काम है, फिर वापस बुलाएंगे?"

"हो, तसंच बोलले होते."

"बँटवारे में हमारे बाप को भी यही बोला था. मिलिट्री की बराक में उतारा, बोले थोड़े दिन का बात है." त्याने झालर कापून कागदात गुंडाळली. "वापस बुलाया उसको?"

"अजून तिथपर्यंत नाही पोचलो."

"जब पहुँचोगे तो बताना." पुढच्या खेपेला मी दुकानात पाय ठेवायच्या आधीच त्याने पलीकडून विचारलं, "जनरल कैसा है?"

त्या झालरीचे मी दोन झुपके करून ब्लाउजच्या खांद्यांना टाचणीने लावायचे आणि मोजपट्टी कमरेला तलवारीसारखी खोचायची. एकदा तशीच उठून भाजी घ्यायला गेले. भाजीवाल्याने काही विचारलं नाही, कोथिंबीर मात्र जास्त दिली.

मग आलं सासूबाईंचं प्रकरण. त्यांनी हे सगळं दाराशी बसून ऐकलं होतं, मधे फार बोलल्या नव्हत्या. एके दिवशी कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "तेका नारळ दिलात काय?"

"कुणाला?"

"सुभेदाराक. चेडू त्याच्या हद्दीत ऱ्हवता. गावात शिरताना राखणदाराक सांगूक लागता. तुम्ही कोणी सांगलास? मग भाषा कशी येतली तिका?"

त्यांच्याकडे नव्या जागी राहायला गेलं की त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. म्हणजे मोठ्याने सांगतात की बाबा, आम्ही अमुक, ह्या कामासाठी आलो, सांभाळ. बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. राखणदार म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी हुकूम चालवून गेलेला कुणीतरी. सासूबाईंचा हिशोब सरळ होता. ह्या गावावर ह्याने हुकूम चालवला, हा मेला, आणि अजून चौकात उभा आहे. आणखी कोण असणार?

मी म्हटलं, आई, तो ख्रिस्ती होता, रशियन होता, पुतळा नगरपालिकेचा आहे. त्या म्हणाल्या, "राखणदाराक जात नाय."

मुलगी आधी हसली, मग घाबरली, मग आजीपुढे नेहमीप्रमाणे हरली. तिकडच्या मॉलमध्ये नारळ मिळतो. महाग, तपकिरी, आणि दगडासारखा. रविवारी सकाळी ती तो घेऊन पुतळ्यापाशी उभी राहिली, खोलीतल्या एका मैत्रिणीच्या हातात फोन. इकडे दुकान अर्धं शटर लावून बंद, आत आम्ही सगळ्या.

गाऱ्हाणं घालायचं काम पुरुषाचं, म्हणून आधी माझ्या नवऱ्याला उभा केला. तो फोनकडे बघून म्हणाला, "नमस्कार." आणि थांबला. सासूबाईंनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

"बा देवा म्हाराजा, परमुलखातल्या सुभेदारा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"आज तुझ्या पायाकडे माझी नात उभी आसा. परक्या गावची, ल्हान आसा, तुझी भाषा तिका येना नाय..."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. तिच्या जिभेची गाठ सोडव. तिच्याकडे वाकड्या नजरेन बघतीत त्यांका तुझ्या तलवारीचो धाक घाल. परीक्षेतसून तिका पार पाड, तुका कोंबो देतलंय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

ह्या शेवटच्या 'व्हय म्हाराजा'मध्ये मला एक खणखणीत आवाज जास्त ऐकू आला. मी वळून बघितलं. नर्सबाई. त्यांच्या घरात आजोबांच्या दीक्षेपासून नवस, देव, राखणदार काही नाही, आणि त्या हे मला वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आल्यात.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "कोरस कमी पडत होता. श्रद्धा नाही, मदत."

तिकडे मुलीने ओट्याच्या पायरीला धक्का नको म्हणून नारळ फुटपाथच्या कडेवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा आपटताना फोनमध्ये एक पोलीस शिरला. त्याने काहीतरी विचारलं. मुलगी गप्प. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, तोंड उघड.

तिने उघडलं. अडखळत, पण चारपाच वाक्यं बोलली. पोलिसाने पुतळ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, तो तिच्या हातातून घेतला, आपल्या बुटाच्या टाचेने फोडला, एक तुकडा खिशात टाकला आणि निघून गेला.

"काय सांगितलंस त्याला?" मी ओरडले.

तिला हसू आवरत नव्हतं. "म्हटलं, हे माझे शेजारी आहेत. माझ्या आजीने त्यांना नमस्कार सांगितलाय. आमच्याकडे शेजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत."

सासूबाईंनी फोनकडे बघून मान डोलवली. मला म्हणाल्या, "बघलंस? शिपाई धाडल्यान."

नारळानंतर मुलगी बदलली, हे खरं. राखणदाराने केलं म्हणा, पोलिसाने केलं म्हणा. ती आता कोटवाल्या आजींकडे दुपारी चहा प्यायला बसू लागली. गोष्टी भराभर यायला लागल्या. गाव पूर्ण लाकडाचं, दर थोड्या वर्षांनी जळायचं. सुभेदाराने घरं पाडून रस्ते रुंद केले, लोकांनी शिव्या घातल्या, आणि पुढची आग रस्ता ओलांडू शकली नाही. त्याने टेहळणीचा लाकडी मनोरा बांधला, आणि पहारेकरी झोपलाय का बघायला थंडीत स्वतः जिने चढून जायचा.

मग ती एक दिवस वेगळ्याच आवाजात बोलली. माळावरच्या शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा ह्याच सुभेदाराने गावं जाळली, माणसांना चाबकाने फोडलं. कोटवाल्या आजींच्या पूर्वजांचं गाव त्यातलंच होतं.

मी त्या दिवशी खांद्यावर झुपके लावले नाहीत. बाकावरही कुणी गंमत केली नाही. नर्सबाई म्हणाल्या, "शेवटी सरकारचा माणूस. आग विझवतो ती आपली, लावतो ती पण आपलीच. कृतज्ञ नागरिकांनी कुणाला विचारून पाटी लावली?"

मी सासूबाईंना म्हटलं, "बघा तुमचा राखणदार."

"राखणदार भलोच असाक व्हयो असा नाय," त्या म्हणाल्या. "जागो असाक व्हयो."

आणि मुलीने सांगितलं की त्या आजीसुद्धा, सगळं सांगून झाल्यावर, असंच काहीसं म्हणाल्या: आमचा होता, वाईट होता, पण आमचा होता. पोरीने हे वाक्य मराठीत सांगितलं, आणि मग नकळत तिकडच्या भाषेतही म्हणून दाखवलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण त्या वाक्यात ती कुठेही अडखळली नव्हती, ते बाकावरच्या सगळ्यांना कळलं.

परीक्षेच्या आठवड्यात माझ्या दुकानात दोन साड्यांचे फॉल उलटे लागले. नवरा ड्यूटीवरून दोनदा फोन करून 'काही कळलं का' विचारत होता, आणि काही कळलं नसलं तर 'बरं' म्हणून ठेवत होता. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या आधीच येऊन बसल्या होत्या. फोन वाजला तेव्हा सासूबाईंनी कात्री पायाखाली ठेवली. त्यांच्याकडे अशा वेळी पायाखाली लोखंड हवं असतं म्हणे.

"आई, त्यांनी सांगितलं, ह्या गावाविषयी काहीही बोल."

"मग?"

"मग काय. सुभेदार. कॉलऱ्याची गोष्ट सांगितली."

ती गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ होती. गावात कॉलऱ्याची साथ आली. सुभेदाराने नदीकाठी पिवळं इस्पितळ उभारलं. ते अजून आहे, मुलीच्या वॉर्डाचं शिक्षण त्यातच होणार. लोकांत अफवा पसरली की डॉक्टर इस्पितळाच्या जेवणातून विष घालतात. जमाव दगड घेऊन दाराशी आला. सुभेदार एकटा बाहेर आला, कोट काढला, रोग्यासाठी नेत असलेलं पेजेचं भांडं मागवलं आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या ती पेज प्यायला. जमाव बघत राहिला, संध्याकाळपर्यंत बघत राहिला, आणि तो मरत नाही म्हटल्यावर घरी गेला. एवढी खरी गोष्ट. पण माझ्या दुकानात सुभेदार पेजेचा पहिला घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि आचाऱ्याला म्हणतो, "मीठ कमी आहे." सगळा बाक दर वेळी इथे हसायचा.

मला अंदाज आला. "मिठाचं नाही ना सांगितलंस?"

"सांगितलं. ओघात आलं तोंडात. तूच इतक्या वेळा सांगितलंयस की मला वाटलं आजींनीच सांगितलंय."

"मग?"

"तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मधल्या बाई म्हणाल्या, मी ह्या गावात जन्मले, हे मी कधी ऐकलं नाही. कुठे वाचलंत? मी काय सांगणार. म्हटलं, माझ्या आईने सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमची आई इतिहासाची प्राध्यापक आहे का? मी म्हटलं, नाही, तिचं साडीच्या कडा शिवायचं दुकान आहे." ती थांबली. तिच्यात हे नाट्य कुठून आलंय ते मला दिसत होतं. "मग त्या म्हणाल्या, असेलही खरं. आमच्या इस्पितळाच्या जेवणात अजून मीठ कमीच असतं. आणि तिघी हसल्या."

"अगं पण निकाल," नर्सबाई ओरडल्या.

"पास. सोमवारपासून वॉर्ड."

माझ्या मशीनवर तेव्हा कुणाची तरी पैठणी होती. मी तिच्यात तोंड खुपसून रडले. डाग पडला नाही, त्या बाईंनी नंतर दोनदा तपासून घेतलं. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बरं." मग पलीकडून मशीनच्या घरघरीत त्याचा आवाज सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा आला, "अरे माझी पोरगी पास झाली." हा माणूस ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंनी पायाखालून कात्री काढली आणि म्हणाल्या, "कोंबो."

नवस बोलला होता, फेडायचा होता, आणि तो राखणदाराच्या जागेवरच फेडायला हवा होता. मुलीने हात जोडले. आजी, इथे चौकात कोंबडा कापला तर मला वॉर्डात नाही, तुरुंगात नेतील. बोलणी चालली. सासूबाई शेवटी ह्यावर आल्या की कोंबडीचं कालवण करून त्यातली तंगडी पुतळ्यापाशी ठेवायची. मसाल्याची पूड सामानात होतीच. रविवारी कालवण झालं. सोबत जेवायला कोटवाल्या आजी आल्या होत्या. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला त्यांनी आणखी मागितलं, आणि मग कोट घालून त्याही पुतळ्यापाशी आल्या. इकडे अर्धं शटर, आत आम्ही. नवऱ्याने त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

तंगडी केळीच्या पानावर ठेवायची, पण पान कुठलं. कागदी ताटलीत ठेवली. मुलगी मागे सरकली. थोड्या वेळाने एक कावळा ओट्यावर उतरला. तिकडचे कावळे अंगाने राखाडी असतात, जणू स्वेटर घातलेला. त्याने ताटलीकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि लांब जाऊन बसला.

सासूबाईंचा चेहरा पडला. आता हे नवस फेडणं होतं की श्राद्ध, मला सांगता येणार नाही. त्यांच्या डोक्यात दोन्ही एक झालं होतं. "शिवना नाय. कायतरी रवला त्याच्या मनात."

मग काय, प्रत्येकीने सुचवायला सुरुवात केली. एक म्हणाली, त्याला बायको आठवत असेल. एक म्हणाली, दारू हवी असेल, फौजेतला माणूस. नर्सबाई म्हणाल्या, "माफी मागायची असेल त्याला. ह्या आजींची." कोटवाल्या आजी तिकडे पुतळ्याकडे बघत उभ्या होत्या. मुलीने त्यांना ते सांगितलं. त्यांनी खांदे उडवले, काहीतरी पुटपुटल्या आणि पुतळ्यासमोर हवेत हात हलवला, जसा आपण 'जाऊ दे' म्हणून हलवतो.

कावळा हलला नाही.

मी खांद्यावरचे झुपके नीट केले आणि फोनजवळ गेले. "चव बघितली होतीस का तू?"

"आजींचं झालं, मैत्रिणींचं झालं... नाही, मी नाही बघितली."

"मीठ घाल."

मैत्रीण खोलीत धावत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. मुलीने चिमूटभर तंगडीवर भुरभुरवलं आणि मागे आली. कावळा उडाला, ताटलीवर उतरला, तंगडी चोचीत धरली आणि सुभेदाराच्या अर्ध्या कानाच्या बाजूने इस्पितळाकडे निघून गेला.

"व्हय म्हाराजा," नर्सबाई म्हणाल्या. ह्या वेळी कुणी वळून बघितलं नाही.